भिंती नसलेल्या घराचं दार

पटवाऱ्याच्या परीक्षेत मला प्रश्न आला होता, मालकी आणि कब्जा यांत फरक काय. मी दीड पान उत्तर लिहिलं. वस्तू ज्याची तो मालक, वस्तू ज्याच्या ताब्यात तो कब्जेदार, मालक कब्जेदार असेलच असं नाही, कब्जेदार मालक असेलच असं नाही, वगैरे वगैरे. पाठांतर पक्कं होतं. पास झालो, आईनं शेजारीपाजारी साखर वाटली आणि मी बावीस वर्षांचा सरकारी माणूस झालो. त्या दीड पानातलं मला ओ की ठो कळलेलं नव्हतं, हे पुढे एका फुटाणेवालीनं मला दाखवून दिलं.

माझी पहिली नेमणूक तळेगाव आणि आष्टी यांच्या मधल्या एका गावात झाली. आसपासची आणखी चार गावं माझ्याकडेच होती. सायकल, सायकलीला बांधलेला कागदांचा बस्ता, जमीन मोजायची साखळी आणि नाकाच्या शेंड्यावर राग, एवढं सामान घेऊन मी फिरत असे. राग कशाचा म्हणाल तर कशाचाही. कोणी मध्येच बोललं की राग, कोणी बोललंच नाही की राग. नवी नोकरी होती, लोकांनी आपल्याला घाबरावं असं मनातून फार वाटे, आणि लोक काही घाबरत नव्हते. ते मला ‘पटवारीभाऊ’ म्हणत आणि जेवायला थांबवून घेत.

तेव्हा मालगुजारी जायच्या बेतात होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाव म्हणजे एका माणसाचं असे. शेतकरी शेत वाहायचे, सारा मालगुजाराकडे भरायचे, तो पुढे सरकारकडे भरायचा. पण गावातला तलाव, आमराई, बाजाराचं पटांगण, इतकंच काय, लोकांच्या घरांखालची जमीनसुद्धा मालगुजाराची. कोणाला घर बांधायचं असलं की तो वाड्यावर जाई आणि मालगुजार हात लांब करून सांगे, ‘बांध तिकडं, चिंचेपाशी.’ झालं काम. कागद नाही, रजिस्ट्री नाही. खालची जमीन मालगुजाराची. वरचं लाकूड, कवेलू म्हणजे छपराची कौलं, आणि दार राहणाऱ्याचं.

त्यामुळे त्या गावात एक रीत होती. गाव सोडून जाणारा माणूस घर सोबत नेई. मी रुजू झालो त्याच महिन्यात वाटेत तीन बैलगाड्या भेटल्या. वासे, फाटे, कवेलूंचा ढीग, त्यावर एक मांजर. मी साहेबी आवाजात विचारलं, काय माल आहे? गाडीवाला म्हणाला, ‘माल नाई भाऊ, घर हाये.’ मालगुजाराशी बिनसलं म्हणून तो माणूस घर मोडून सासुरवाडीला निघाला होता. मागे गावात काय उरलं म्हणून पाहायला गेलो तर मातीचा ओटा आणि चुलीचा काळा डाग. आमच्या परीक्षेच्या पुस्तकात घर म्हणजे स्थावर, म्हणजे हलत नाही ती मिळकत. इथं ती हलत होती आणि वर मांजर घेऊन हलत होती. मला त्याचाही राग आला.

होळीच्या सुमारास वरून नोटीस आली. दोन पानी होती आणि ती गावोगाव चावडीवर वाचून दाखवायची होती. कोतवालानं दवंडी दिली, लोक जमले, मी घसा साफ करून सुरुवात केली. पहिल्या पानावर असं की मार्चअखेरीस मालगुजाराचे सगळे हक्क संपतील आणि जंगल, तलाव, बाजार, गावठाण सरकारजमा होईल. एवढं वाचलं आणि मागून एक म्हातारा म्हणाला, ‘म्हंजे आमचे घरंबी सरकारजमा का?’ मी म्हटलं, आधी पुरतं ऐकून घ्या. तेवढ्यात दुसरा म्हणाला, ‘सरकार राहाले येईन का मंग आमच्या घरात? माह्या घरात तर ढेकणं हायेत.’ सगळे खो खो हसले. झालं, माझं डोकं फिरलं. ऐकायचं नसेल तर वाचा आपापलं, असं म्हणून मी नोटीस चावडीच्या खांबाला डकवली आणि सायकलीवर टांग मारली.

आता गंमत ऐका. त्या गावात वाचता येणारे दोघेच होते. एक शाळामास्तर, तो होळीच्या सुट्टीत आपल्या गावी गेलेला. दुसरा खुद्द मालगुजार. त्यानं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली म्हणे, आणि कोणाला काही न बोलता वाड्यावर निघून गेला. दुसऱ्या पानावर काय होतं ते मला ठाऊक होतं आणि त्याला कळलं होतं. गावठाणातली मोकळी जागा सरकारची होईल हे खरं, पण मार्चअखेरीस ज्या जागेवर ज्याचं घर उभं असेल ती जागा घरासकट त्याचीच राहील. पिढ्यान् पिढ्या जी जमीन दुसऱ्याची होती ती त्या एका ओळीनं लोकांची होणार होती. ती ओळ मी रागाच्या भरात वाचली नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या हातून इतका मोठा गाढवपणा पुन्हा झाला नाही, आणि छोटे मी मोजत नाही.

तिथून मी दुसऱ्या गावांच्या मोजणीला गेलो तो पाडवा होऊन गेल्यावरच परतलो. बाजाराच्या रस्त्यानं येताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चिंचेपलीकडं फुटाणेवालीचं घर होतं, ते नव्हतं. भट्टी मात्र होती. भट्टीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जळत होत्या, कढईतल्या वाळूत हरभरे तडतडत होते, आणि ती पुढ्यात बसून झारा फिरवत होती. मागं नुसता ओटा, शेणानं स्वच्छ सारवलेला, आणि त्यावर एक गाठोडं.

ही बाई पंचेचाळिशीची असेल. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती भट्टी तिच्या सासऱ्यानं जमिनीत खोल खणून घातलेली होती. अख्ख्या पंचक्रोशीचा हरभरा तिच्याकडे भाजायला येई. लग्नसराईत ज्वारीच्या लाह्यांसाठी बायका रांग लावून बसत. हात चालू असताना तोंडही चालूच असे, आणि गावातल्या कोणाचीही ती भीड ठेवत नसे. मला फुटाण्यांचं व्यसन तिनंच लावलं. मी तिला मावशी म्हणत असे.

मी विचारलं, ‘मावशी, घर कुठं गेलं?’

‘आंजीले गेलं, भावाकडं. दोन गाड्या भरून. लग्नाच्या लाह्या भाजून झाल्या का मीबी जाईन.’

‘पण का?’

‘काऊन म्हंजे? तुमीच तर वाचलं, गावठाण सरकारजमा. मंग सरकारनं जागा न्यावं, माहे वासे काऊन न्यावं? माह्या नवऱ्यानं डोंगरावरून खांद्यावर वाहून आणलेले वासे हायेत ते. म्हटलं, सरकार यायच्या आधी आपलं आपण हलवून घ्या.’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिनं जे केलं ते त्या गावच्या हिशेबानं अगदी शहाणपणाचं होतं. जमीन कधीच आपली नसते, लाकूड तेवढं आपलं. मालक बदलायला लागला की लाकूड वाचवावं. आणि नव्या कायद्यानं नेमकं उलटं झालं होतं. लाकूड उभं होतं म्हणून तर जमीन मिळणार होती. मी तिला सगळं सांगितलं. दुसरं पान, ती ओळ, माझा राग, सगळं. चूक माझी आहे हेही सांगितलं.

तिच्या हातातला झारा थांबला. कढईतून धूर आला तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. तिचे फुटाणे करपलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मग म्हणाली, ‘वासे गाडीवर घालता येतात, भाऊ. भट्टी कशी घालू? भावाच्या घरी मी दोन भाकरी खाऊन कोपऱ्यात बसन, ते येगळं. पण भट्टीवाली नाई राहाची मी.’ झारा खाली ठेवून तिनं विचारलं, ‘उभं पाह्यजे म्हंता ना? मंग आणते उभं कराले.’

आठ दिवसांनी मी पुन्हा त्या रस्त्यानं गेलो. ओट्याच्या पुढच्या कडेला, मधोमध, चौकटीसकट एक दार उभं होतं. बाकी काही नाही. ना भिंत, ना छप्पर, दोन्ही बाजूंनी रस्ता दिसत होता, मागं बाभळी दिसत होत्या, आणि मधे ते सागवानी दार, कडी लावलेलं आणि कडीला पितळी कुलूप. आंजीहून घाईघाईत एकच गाडी मिळाली, तीत दार तेवढं आलं. बाकीचं घर मागून येणार होतं. दाराच्या आत, म्हणजे दाराच्या पलीकडं, म्हणजे काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा, ती बसून हरभरे चाळत होती.

मी सायकल लावली आणि बाजूनं ओट्यावर पाय टाकला.

‘कुठून शिरून राह्यले? दार दिसत नाई का?’

‘अहो मावशी, भिंतच नाही तर…’

‘भिंत नाई म्हणून कोणाच्याबी घरात शिरता का तुमी? सरकारी माणूस असून?’

मी पाय मागं घेतला. ओट्याला वळसा घालून दारासमोर आलो. ती उठली, कमरेची किल्ली काढली, बाहेरच्या अंगाला येऊन कुलूप काढलं, पुन्हा आत गेली आणि दार उघडून म्हणाली, ‘या. चपला तिकडं.’ मी चपला काढल्या आणि आत गेलो. माझा राग कुठं गेला देव जाणे. मला हसू फुटलं ते आवरेना, आणि मग तिलाही. आम्ही दोघं त्या बिनभिंतीच्या घरात बसून पोटभर हसलो. त्या बाईचा इतका लळा मला तोवर लागलेला नव्हता.

हसणं झाल्यावर मात्र मला कायदा सांगावा लागला. नुसतं दार म्हणजे घर होत नाही. आता अख्खं घर उभं केलं तरी उपयोग नाही, कारण धरायचं आहे ते मार्चअखेरचं. त्या दिवशी इथं काय होतं?

‘घर होतं,’ ती म्हणाली. ‘पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मोडलं मी.’

मी बसल्या जागी ताठ झालो. त्या साली मार्च संपल्यावर आठवडाभरानं पाडवा आला होता. म्हणजे मार्चअखेरीस घर उभं होतं, म्हणजे जागा तिची होती, म्हणजे माझा गाढवपणा माफ होता. ‘नोटीस तर होळीला वाचली, मग इतके दिवस थांबलात कशा?’ मी विचारलं.

‘या घरात लग्न होऊन आली मी. वर्साचा सण होऊ द्या म्हटलं घरात, मंग मोडू.’

ती एवढंच म्हणाली. पण कागदाला एवढं पुरत नसतं. दुसऱ्याच दिवशी मालगुजाराचा अर्ज माझ्या हातात आला. चिंचेपलीकडची जागा होळी झाल्यापासून मोकळी आहे, तिथं आमचे बैल बांधले जातात, ते आमचं आवार आहे, सबब ती आमच्याकडे कायम ठेवावी. जुन्या मालगुजाराला आपली वापरातली आवारं ठेवायला कायद्यानं मुभा होती. घर होळीला मोडलं की पाडव्याला, एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं.

मी वाड्यावर गेलो. मालगुजार साठीचा गृहस्थ, गोरापान, मिशा पांढऱ्या. गाव त्याला पाटील म्हणे. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्यानं गाव पोसलं होतं असं जुने लोक सांगत. त्यानं चहा दिला, सुपारी कातरत बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, ‘जंगल गेलं, तलाव गेला, बाजार गेला. आता खिडकीतून पाह्यलं तर जे दिसते त्यातलं काईच आपलं नाई. एवढं एक आवार राहू द्या, पटवारी.’ मी म्हटलं, पण पाटील, तिथं तिचं घर होतं ना? ‘होळी झाली तसंच मोडलं तिनं,’ तो म्हणाला. हे म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, अडकित्त्याकडे पाहिलं.

मग मी साक्षीदार शोधायला लागलो. घर कधी मोडलं, असं ज्याला त्याला विचारत सुटलो. एक म्हणाला, तूर झोडून झाली होती तेव्हा. दुसरा म्हणाला, आमच्या गाईनं कालवड दिली त्याच्या नंतर. कालवड कधी दिली? तर म्हणे, तूर झोडली तेव्हा. तिसऱ्याला मी सरळच विचारलं, पाडव्याच्या आधी की नंतर? त्यानं वाड्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘तसं पाह्यलं तर दोन्ही.’ मला इतका संताप आला की मी साखळी जमिनीवर आपटली. पण खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. मालगुजारी कागदावरून गेली होती, लोकांच्या मानेतून गेली नव्हती. वर्षानुवर्षं ज्याच्या पुढं वाकली ती मान एका नोटिशीनं सरळ होत नाही, आणि ती नोटीसही मी अर्धीच वाचलेली. मी स्वतः त्या दिवसांत गावात नव्हतो. न पाहिलेलं मी लिहू शकत नव्हतो. आर्वीहून नायब तहसीलदार येऊन जागेवर निर्णय देणार होते, तोवर थांबणं आलं.

ते वैशाखात आले. तळेगावपर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलांच्या दमणीत बसून. सकाळची वेळ होती तरी ऊन तापलं होतं. सगळं गाव चिंचेखाली गोळा झालं होतं. मालगुजारासाठी वाड्यावरून खुर्ची आली, साहेबांसाठी चावडीवरचं स्टूल. फुटाणेवाली आपल्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, किल्ली कमरेला, हात मांडीवर. त्या दिवशी भट्टी तिनं पेटवली नव्हती.

साहेबांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘हे काय आहे?’

‘दार आहे, साहेब,’ मी म्हणालो.

‘ते मला दिसतंय.’

त्यांनी गावकऱ्यांना विचारलं, घर कधी मोडलं ते कोणी सांगू शकेल का? सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागले. तिला विचारलं, ती म्हणाली पाडव्यानंतर. मालगुजाराला विचारलं, तो खुर्चीतून न उठता म्हणाला, होळी झाल्या झाल्या. साहेबांनी सुस्कारा टाकला आणि टाक दौतीत बुडवला. एकटीच्या बोलण्यावर ते काय लिहिणार आहेत हे मला कळलं. बाईचं घर मी मोडलं होतं. झारा तिच्या हातातून मी काढून घेतला होता.

तेव्हा ती बोलली. रडली नाही, हात जोडले नाहीत, नुसतं आठवल्यासारखं बोलली. ‘साहेब, मी पाडव्याले गुढी उभारली ना. शेवटची म्हणून उभारली. म्हटलं, आता जाचंच हाये तर मनासारखी उभारू, सगळ्यात लांब बांबू आणला.’

हेही एकटीचंच बोलणं; एवढ्यावर ते प्रकरण तिच्या विरुद्ध संपलं असतं. पण मालगुजार खुर्चीतून उठला.

‘त्याले सण म्हंता काय?’ तो म्हणाला. मिशा थरथरत होत्या. ‘साहेब, माह्या बापाच्या काळापासून या गावात वाड्याच्या गुढीवर कोणाची गुढी गेली नाई. कोणी सांगितलं नोतं, पण रीत होती. हिनं हातभर उंच चढवली. पाडव्याच्या दिवशी सकाळी उठून माडीवर जातो तर समोर काय, हिची गुढी. माणूस पाठवला, बाई उतरव म्हणून, तर सांगून पाठवते का सूर्य मावळल्याशिवाय गुढी उतरवत नसतेत.’

‘अस्सं,’ साहेब म्हणाले. ‘मग एवढी उंच गुढी तिनं बांधली कुठं?’

‘बांधली कुठं म्हंजे? घराच्या आढ्याले. कवेलूच्या वर…’

आणि तो थांबला. तोंड उघडं, हात वर, गुढीची उंची दाखवत असलेला. मग मागून कुठून तरी एक बारीक खुसखुस ऐकू आली, ती पुढं सरकली, आणि बघता बघता सगळं गाव हसायला लागलं. ढेकणांवाला तर चिंचेच्या खोडाला धरून हसत होता. मालगुजार लाल झाला. त्यानं हात खाली घेतला, खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि मग त्याचेही खांदे हलायला लागले. ‘लिहा साहेब, लिहा,’ तो म्हणाला. ‘गुढी होती. घर होतं. माह्याच तोंडानं निघालं, आता काय गिळू?’

साहेबांनी लिहिलं. पाडव्याला घर उभं होतं, सबब मार्चअखेरीसही उभं होतं, सबब जागा बाईची. तेवढ्यात तीन-चार जणांना धीर आला आणि आपणही गुढी पाहिल्याचं आठवलं. साहेब म्हणाले, आता गरज नाही. मग मी कागद मांडीवर घेतला आणि तिचं नाव घातलं. मांडीवर लिहिलेलं अक्षर वाईट आलं, ते आजही त्या दप्तरात तसंच असेल.

घर पुढे पावसाच्या आत उभं राहिलं. आंजीहून वासे परत आले, आणि ज्यांनी पायाचे अंगठे पाहिले होते त्यांनीच भिंतींचे कुड विणले. मलाही तिनं दोन दिवस भिंती लिंपायला लावलं. ‘चूक तुमची म्हंता ना, मंग माती कालवा,’ म्हणाली. मी कालवली. चावडीवर जाऊन त्या नोटिशीचं दुसरं पानही मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मध्ये लोक पुष्कळ बोलले, मी एकदाही चिडलो नाही.

पण मला सांगायचं आहे ते निकालाच्याच दिवशीच्या संध्याकाळचं. साहेब गेले होते. तिनं भट्टी पेटवली होती आणि मी ओट्याच्या कडेला बसून गरम फुटाणे खात होतो. रस्त्यावर पाचपंचवीस माणसं उगाच रेंगाळत होती. तेवढ्यात मालगुजार काठी टेकत येताना दिसला. त्या गावात तो कोणाच्याही अंगणात सरळ शिरत असे. पायाखालची जमीनच त्याची होती, विचारणार कोणाला आणि कशाला? सवयीनं तो दाराकडे न जाता बाजूनं ओट्यापाशी आला, जिथं भट्टी अगदी हाताशी होती. एक पाय उचलला. आणि तसाच थांबला.

त्यानं पाय खाली घेतला. ओट्याला वळसा घातला. दारासमोर येऊन उभा राहिला. दार उघडंच होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान होतं. त्यानं काठीनं चौकटीवर दोनदा टकटक केलं.

‘येऊ का?’

साठ वर्षांत त्यानं हा प्रश्न त्या गावात कोणाला विचारला नव्हता. माझी फुटाण्यांची मूठ तोंडापर्यंत गेली नाही. दीड पान उत्तर लिहून पास झालेल्या मला मालकी म्हणजे काय ते त्या क्षणी समजलं.

तिनं वर पाहिलं नाही. झारा वाळूतून दोनदा फिरवला, हरभरे चाळणीत काढले, पदरानं कपाळ पुसलं.

‘चपला तिकडं काढा, पाटील,’ ती म्हणाली. ‘मंग या.’

मालगुजारानं वाकून चपला काढल्या, दाराबाहेर जोडीनं नीट ठेवल्या, आणि चौकट डोक्याला लागू नये म्हणून मान खाली घालून तो आत आला.